घरासमोरचा रस्ता पूर्ण खोदणार आहेत, तेवढे महिने दुसरीकडे राहायला जावं का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात परत सांगतो. तुमच्या गल्लीचा रस्ता पूर्ण उकरून नव्याने करणारेत, त्यातच ड्रेनेज आणि पाण्याची लाइन बदलणारेत, चार ते सहा महिने लागतील असं सांगितलंय. घर तळमजल्याचं, रस्त्याला लागून. घरात सासरे आहेत, दम्याचे पेशंट, काठी घेऊन चालतात, मुलगा तीन वर्षांचा, आणि तुमचं ऑफिसचं काम घरूनच. तर सगळं आटपेपर्यंत भाड्याने दुसरीकडे जावं का, आणि नाही गेलो तर धूळ आणि आवाजाचं काय करायचं. शेवटी गाडीला कव्हर घालू का असंही विचारलंय, तेही सांगतो.

मी रस्त्याच्या कामांवर साईट इंजिनिअर आहे, म्हणजे तुमच्या दारापुढे जो चर पडणारे तो खणणाऱ्या बाजूचा माणूस. बरीच वर्षं हेच करतोय, त्यामुळे लोक आधी कशाला घाबरतात आणि नंतर खरोखर कशाने वैतागतात हे दोन्ही बघायला मिळतं.

धूळ आणि आवाज डोळ्यासमोर असतात म्हणून सगळे त्याचंच विचारतात. पण साईटवर येऊन लोक भांडतात ते बहुतेक वेळा "उद्या काय होणार हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही" यावरून. सकाळी गाडी काढायला जावं तर गेटपुढे चर, अंगाला साबण लावलाय आणि नळ गेला, मीटिंग सुरू झाली आणि त्याच मिनिटाला खिडकीखाली ब्रेकर, म्हणजे रस्ता फोडायचं मशीन, सुरू झाला. आणि दुसरा त्रास तर काम चालू असताना कोणाला दिसतही नाही, तो म्हणजे नव्या रस्त्याची लेव्हल आणि तुमच्या घराचे जोड. धूळ काय, काम संपल्यावर दोन-चार वेळा घर पुसलं की जाते, पण ड्रेनेजचा पाइप उलट्या उताराने जोडला गेला किंवा रस्ता तुमच्या ओट्याच्या वर आला तर ते पुढचा रस्ता होईपर्यंत भोगायचं.

म्हणून माझं सरळ मत असं की सगळे महिने घर सोडून जाऊ नका. सासऱ्यांना आणि मुलाला हलवायचंच असेल तर तुमच्या घरापुढचं फोडकाम आणि रोलिंग चालू असेल तेवढे दिवस हलवा, ते सलग नसतात आणि एकेका घरापुढे फार दिवस चालतही नाहीत. पण गेटपुढे चर उघडा आहे आणि तुमच्या घराचं कनेक्शन जोडणार आहेत त्या दिवशी घरातलं कोणीतरी जाणतं माणूस तिथे हवंच हवं. बरेच जण नेमकं उलटं करतात, शांत दिवसात घरी बसतात आणि चर उघडला की "नको ती कटकट" म्हणून गावाला निघून जातात.

अर्थात हे परिस्थितीवर अवलंबून आहे. दमा किती जोरात आहे, थोड्या धुळीने अटॅक येतो का, हे डॉक्टर सांगतील, मी नाही, आणि ते म्हणाले की हलवा तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवून हलवा. घराला मागच्या बाजूला एखादी खोली आहे का, गल्ली दोन्हीकडून उघडी आहे की एका टोकाला बंद, रस्ता काँक्रीटचा होणारे की डांबरी, यानेही फरक पडतो. बंद गल्लीत शेवटचं घर असेल तर गाडीचा विचार आधी करायला लागतो, काँक्रीट असेल तर गेट जास्त दिवस बंद राहतं, डांबर असेल तर वास आणि चिकटा पण मोकळं लवकर होतं.

आता कामाचा क्रम समजून घ्या, तो कळला की अर्धी धास्ती जाते. आधी जुना रस्ता फोडतात. मग सगळ्यात खोल लाइन पहिली, म्हणजे ड्रेनेज, कारण ती नुसत्या उताराने वाहते, तिची खोली कोणाच्या सोयीने बदलता येत नाही. मग पावसाच्या पाण्याची लाइन, मग पिण्याच्या पाण्याची, ती दाबावर चालते म्हणून थोडी वरखाली झाली तरी चालते आणि तिला ड्रेनेजपासून लांब आणि वरच ठेवायचं असतं, मग केबलचे डक्ट, म्हणजे केबल ज्यातून नेतात ते पाइप. मग भराव, थराथराने रोलिंग, खडीचे थर, वरचं काँक्रीट किंवा डांबर, आणि शेवटी कडेचे दगड, फुटपाथ, चेंबरची झाकणं लेव्हलला आणणं. यातला प्रत्येक टप्पा तुमच्या गेटपुढे वेगळ्या दिवशी येणार आणि मधे बरेच दिवस काहीच हलणार नाही. लोकांना वाटतं ठेकेदार पळाला. कधीकधी तो खरंच दुसऱ्या साईटवर पळालेला असतो, नाही म्हणत नाही, पण बऱ्याचदा लाइनची टेस्ट बाकी असते, किंवा विजेची केबल आडवी आली आणि ती हलवणारं खातं यायचंय, ते येईपर्यंत आम्ही हात लावू शकत नाही. अशा वेळी "कधी संपणार" असं विचारलंत तर काहीतरी गोड उत्तर मिळेल. "कशासाठी थांबलंय" असं विचारा, मग खरं कळतं.

विचारायचं कोणाला हेही महत्त्वाचं. जेसीबीचा ऑपरेटर आणि खणणारी माणसं यांना उद्याचं माहीत नसतं, त्यांना सकाळी सांगतात. माहीत असतं ते मुकादमाला किंवा सुपरवायझरला, आणि तेही संध्याकाळी, कारण उद्याचं मटेरियल आणि मशीन तेव्हा ठरतं. त्यामुळे रोज संध्याकाळी काम थांबायच्या आधी दोन मिनिटं बाहेर जाऊन फक्त तीन गोष्टी विचारायच्या: उद्या आमच्या गेटपुढे काही आहे का, पाणी बंद राहणारे का, गाडी आज रात्री बाहेर काढू का. गल्लीतल्या सगळ्यांनी वीस जणांनी वीस वेळा विचारण्यापेक्षा एकाने विचारून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावं, सुपरवायझरही त्याच माणसाला स्वतःहून फोन करायला लागतो. आणि पहिल्याच दिवशी त्याला सांगून ठेवा की घरात दम्याचा पेशंट आहे, ॲम्ब्युलन्स लागू शकते. गेटपुढे चर उघडा असेल तेव्हा ॲम्ब्युलन्स कुठपर्यंत येईल, तिथपर्यंत सासऱ्यांना खुर्चीवर बसवून न्यायला दोन माणसं कोण, हे आधी ठरवून ठेवा, नेब्युलायझर, इन्हेलर, औषधं जास्तीची आणून ठेवा. ऐन वेळी रात्री अंधारात हे सुचत नाही, आणि काम चालू असताना रस्त्यावरचे दिवेही बऱ्याचदा बंद असतात.

धुळीचं आता. ताज्या फुटलेल्या दगडाची आणि काँक्रीटची धूळ साध्या मातीसारखी नसते, तिच्यात स्फटिक सिलिका असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ती १९९७ साली, श्वासातून जात असेल तर, माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकली. घाबरू नका, तो धोका मुख्यतः वर्षानुवर्षं त्या धुळीत उभं राहणाऱ्या आमच्या माणसांना आहे. पण दम्याच्या माणसाची श्वासनलिका आधीच चिडलेली असते, तिला कुठलीही बारीक धूळ पुरते. आणि गंमत अशी की टेबलावर बोटाने रेघ ओढता येते ती धूळ कमी त्रासाची. जी खोल छातीत जाते ती १० मायक्रॉनच्या खालची, केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे ती दिसतच नाही. त्यामुळे टेबल चकचकीत आहे म्हणजे हवा स्वच्छ आहे असं समजू नका.

अख्खं घर वाचवायच्या मागे लागू नका, जमत नाही. रस्त्यापासून सगळ्यात लांबची एक खोली निवडा आणि ती सासऱ्यांची करा. त्या खोलीच्या खिडकीच्या फटींना टेप, दाराखाली ओला टॉवेल, हेपा फिल्टरवाला (अगदी बारीक धूळ अडवणारा) एअर प्युरिफायर घेणार असाल तर तो फक्त याच खोलीत, दार बंद करून, हॉलमध्ये दारं उघडी ठेवून लावलात तर विजेचं बिल तेवढं येईल. झाडू नाही, कोरडं फडकं नाही, दोन्हीने धूळ परत हवेत जाते, सगळं ओल्या फडक्याने पुसायचं आणि फडकं बादलीत पिळायचं, बाहेर झटकायचं नाही. आणि एक गोष्ट जी फार कमी जणांच्या लक्षात येते: एक्झॉस्ट फॅन. तो घरातली हवा बाहेर फेकतो, मग तेवढीच हवा कुठून तरी आत यायला लागते, मागची खिडकी बंद असेल तर ती रस्त्याच्या बाजूच्या फटींतूनच आत ओढली जाते. म्हणून फोडकाम चालू असताना एक्झॉस्ट लावायचाच असेल तर मागची खिडकी थोडी उघडी ठेवा. कूलर तर बाहेरचीच हवा आत घेतो, तो बंद. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, तो चालेल, फक्त फिल्टर दर आठवड्याला धुवा. बाहेर पडताना मास्क एन ९५, कापडाचा नको, पण दमेकऱ्याला त्यातून श्वास घ्यायला जड जातं म्हणून डॉक्टरांना विचारून. लहान मुलाच्या तोंडावर तो नीट बसतच नाही, त्याला सरळ आतच ठेवा.

पाणी मारायला सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, पण कधी ते नीट सांगा. धूळ उडाल्यावर टँकर फिरवून फारसा उपयोग नाही, फोडायच्या आधी आणि फोडताना पाणी मारलं पाहिजे, आणि कटरला पाण्याची नळी जोडलेली पाहिजे. कटर चालू आहे आणि पांढरा ढग उठतोय म्हणजे तो कोरडा चालवतायत. लगेच जाऊन सुपरवायझरला सांगा, त्यात संकोच करू नका, ते आमच्या माणसाच्याही छातीचं आहे.

आवाजाबद्दल फार काही करता येत नाही, खरं सांगतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो, त्यामुळे घरातल्या घरात मागच्या खोलीत गेल्याने फरक पडतो, त्यात मधल्या भिंती आणि बंद दारं मदत करतात. पडद्यांनी बाहेरचा आवाज अडत नाही, फटी बुजवल्याने अडतो, म्हणजे धुळीसाठी लावलेला टेप इथेही कामाला येतो. मीटिंगचं म्हणाल तर ब्रेकर दिवसभर सलग चालत नाही, माणसांची जेवणाची सुट्टी असते, दुपारचा तो तास पक्का शांत, महत्त्वाचे कॉल तेव्हा टाका. पण रात्रीच्या एका आवाजाची मानसिक तयारी ठेवा, काँक्रीटचा रस्ता असेल तर. काँक्रीट ओतल्यावर ते आकसतं आणि आकसताना कुठेतरी तडकणारच, म्हणून आम्ही आधीच सरळ रेषेत खाचा कापून देतो, म्हणजे तडा त्या खाचेखाली लपतो. ही खाच फार लवकर कापली तर कडा तुटतात, उशीर केला तर काँक्रीट स्वतःच्या मनाने तडकतं, मधली वेळ ओतल्यानंतर काही तासांचीच असते, हवामानाप्रमाणे मागेपुढे. दुपारी ओतलं की ती वेळ नेमकी रात्री येते. त्या रात्री कटर किंचाळतो, लोक खिडकीतून ओरडतात, आणि आम्ही थांबू शकत नाही. संध्याकाळी "आज काँक्रीट टाकलंय, रात्री कटिंग आहे का" एवढं विचारून घ्या आणि मुलाला मागच्या खोलीत झोपवा.

रोलर सुरू झाला की भांडी वाजतात, खिडकीची काच थरथरते आणि सगळ्यांना वाटतं घर पडणार. माणसाला कंपनं फार लवकर कळतात, सेकंदाला ०.३ मिलिमीटर वेगाचं कंपनसुद्धा घरात बसल्या बसल्या जाणवतं, पण राहत्या घरासाठी जर्मनीचं डीआयएन ४१५० मानक पायाशी कमी वारंवारतेच्या, थोड्या वेळाच्या कंपनांना सेकंदाला ५ मिलिमीटरपर्यंतची मर्यादा धरतं. म्हणजे जाणवणं आणि नुकसान होणं यात बरंच अंतर आहे. तरी घर जुनं असेल, मातीच्या बांधणीचं असेल, तर सुपरवायझरला सांगा की आमच्या भिंतीजवळ रोलरचं व्हायब्रेशन बंद करून नुसता फिरवा. व्हायब्रेशन एका बटणावर बंद होतं, मग फेऱ्या जास्त लागतात आणि थर पातळ घ्यावा लागतो एवढंच. आणि काम सुरू व्हायच्या आधी हे जरूर करा: घरातल्या आणि कंपाउंडच्या प्रत्येक जुन्या भेगेचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून, आणि भेगेच्या टोकाला पेन्सिलने आडवी रेघ मारून बाजूला तारीख लिहा. नंतर भेग त्या रेघेच्या पुढे गेली तर तुमच्याकडे पुरावा आहे, गेली नाही तर ती आधीचीच होती. याशिवाय "तुमच्यामुळे भेग पडली" आणि "ती आधीच होती" हा वाद कधीच मिटत नाही, दोन्ही बाजूंनी मी तो पुरेसा ऐकलाय.

इथपर्यंतचं सगळं तात्पुरतं होतं. आता जे नंतर बदलता येत नाही ते, इथे जरा नीट लक्ष द्या.

पहिलं म्हणजे लेव्हल. काम सुरू व्हायच्या आधीच विचारा की नवीन रस्त्याची वरची फायनल लेव्हल आमच्या गेटपाशी काय येणार. नकाशावरचा आकडा सांगतील, तो तुम्हाला कळणार नाही, म्हणून त्यांना म्हणा की आमच्या गेटच्या खांबावर रेघ मारून दाखवा. कुठलाही साईट इंजिनिअर हे पाच मिनिटांत करून देतो, नाहीच दिली तर गवंड्याकडची लेव्हल ट्यूब घ्या, पाण्याने भरलेली पारदर्शक नळी असते, एक टोक त्यांनी दिलेल्या खुणेपाशी, दुसरं तुमच्या खांबापाशी, बुडबुडे काढून टाका आणि दोन्हीकडचं पाणी स्थिर झालं की जिथे उभं राहील ती एकच लेव्हल, तिथे खिळ्याने ओरखडा काढा. मग त्या ओरखड्यापासून खाली टेपने मोजायचं: तुमचा ओटा किती, आणि होणारा रस्ता किती. रस्ता मधून कडेला साधारण २ ते २.५ टक्के उतरता ठेवतात, म्हणजे मीटरमागे २ ते अडीच सेंटिमीटर, तर मध्यापासून तुमचं गेट ३ मीटरवर असेल तर कडेला रस्ता मध्यापेक्षा ६ ते साडेसात सेंटिमीटर खाली यायला हवा. लेव्हल तुमच्या ओट्याच्या वर जातेय असं दिसलं तर ते खडीचे थर पडायच्या आधी लेखी सांगा. तेव्हा जुना थर आणखी उकरता येतो. काँक्रीट पडल्यावर आमच्याकडे हात वर करण्यापलीकडे काही नसतं.

दुसरं ड्रेनेजचा जोड. तुमच्या घराच्या चेंबरपासून मेन लाइनपर्यंत जो पाइप जातो तो बहुधा १०० ते १५० मिलिमीटरचा असतो. १०० च्या पाइपला साधारण ६० ला १ असा उतार धरतात, म्हणजे ६ मीटर लांबीला १० सेंटिमीटर. चर उघडा असताना हे डोळ्यांनी दिसतं, बुजवल्यावर काही दिसत नाही. त्या दिवशी उभं राहायचं, पाइपखाली माती नीट ठोकलीय का, मधेच पोटात खाली गेलाय का, जोड घट्ट आहे का ते बघायचं, टेप लावून फोटो काढायचे. मग घरात जाऊन संडासातून रंग कालवलेली एक बादली ओतायची आणि बाहेर मेनच्या चेंबरमध्ये कोणीतरी बघायचं, रंगीत पाणी सरळ धारेने येतंय का, तुंबून तुंबून येतंय. आधी तीच बादली, मग भराव. सुपरवायझर घाईत असेल, तरी एवढ्यासाठी थांबतो. एवढंच नाही तर जुना पाइप बंद केला असेल तर त्याचं तोंड सिमेंटने बुजवलंय का तेही बघा. जुनी गटारं फोडली की त्यातले उंदीर-घुशी बेघर होतात आणि अशा उघड्या तोंडातून थेट घरात येतात. बाथरूमच्या जाळ्या तेवढे महिने घट्ट बसवून ठेवा, आणि वापरात नसलेल्या मोऱ्यांमध्ये आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओता, ट्रॅपमधलं, म्हणजे मोरीखालच्या वळणात वास अडवायला साठलेलं, पाणी वाळलं की वास आणि झुरळं दोन्ही येतात.

पाण्याची लाइन बदलताना नळाला लाल-तपकिरी पाणी येईल. नुसता रंग असेल तर बहुतेक वेळा पाइपातला गंज आणि गाळ हललेला असतो. पण गढूळ आहे आणि घाण वासही येतोय तर ते पाणी पिऊ नका आणि टाकीतही घेऊ नका, कारण लाइन रिकामी झाली की आत दाब राहत नाही आणि बाहेर चरात साचलेलं पाणी फटींतून आत ओढलं जातं. पाणी परत आल्यावर पहिलं पाणी अंगणातल्या, सगळ्यात खालच्या नळातून सोडून द्यायचं, तोपर्यंत टाकीचा, गीझरचा आणि फिल्टरचा कॉक बंद. नाहीतर सगळा गाळ फिल्टरच्या कँडलमध्ये आणि वॉशिंग मशीनच्या इनलेट जाळीत जाऊन बसतो, मग मशीनमध्ये पाणीच भरत नाही आणि लोकांना वाटतं मशीन बिघडलं. शंका असेल तोपर्यंत पिण्याचं पाणी खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळू द्या. साठा किती करायचा तर आपत्तीच्या वेळी माणशी दिवसाला किमान १५ लिटर धरतात, तुम्ही चौघं असाल तर दोन दिवसांचे सव्वाशे लिटर झाकून ठेवलेले बरे.

विजेची एक गोष्ट सांगतो, कारण यात वस्तू जळतात. जेसीबीचा दात केबलला लागून लाइट गेली तर सगळ्यात आधी टीव्ही, फ्रिज, कॉम्प्युटरचे प्लग काढा. दुरुस्त करताना न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, नीट जोडला गेला नाही तर २३० व्होल्टच्या घरात त्याच्या कितीतरी वर, ४०० च्या जवळ व्होल्टेज येऊ शकतं. लाइट आली की आधी एकच बल्ब लावून बघा, नेहमीपेक्षा खूप प्रखर किंवा मिणमिणता वाटला तर मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा. अर्थिंगचा खड्डा कंपाउंडच्या कडेला असेल तर तो खणण्यात गेला नाही ना तेही बघून घ्या, नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर मेन आधी बंद. इंटरनेटची केबल तर धरूनच चाला की तुटणार, ती इतकी वरवर टाकलेली असते की आमच्या नकाशात नसतेच. मोबाईलचं नेट तयार ठेवा.

सासऱ्यांच्या चालण्यासाठी चरावर नुसती फळी चालणार नाही, दोन्ही बाजूंना धरायला कठडा मागा. उंचवटा असेल तर उतार १२ ला १ हवा, म्हणजे १५ सेंटिमीटर चढायला १८० सेंटिमीटर लांब, याहून उभा असेल तर काठीवाल्या माणसाचा तोल जातो. मुलाला चराच्या काठापाशी एक क्षणही सोडू नका, एक घनमीटर माती दीड टनाच्या आसपास भरते, काठ ढासळला तर मोठ्या माणसालाही बाहेर येता येत नाही. काठाजवळ गाडीही लावू नका.

काँक्रीट असेल तर ओतायच्या आदल्या रात्री गाडी गल्लीबाहेर काढलीच पाहिजे. दुसऱ्या दिवशी त्यावर माणूस चालू शकतो म्हणून लोकांना वाटतं झालं, पण ७ दिवसांत त्याची ताकद २८ दिवसांनी येणाऱ्या ताकदीच्या साधारण दोन तृतीयांश येते, त्यामुळे सुपरवायझर सांगेपर्यंत बॅरिकेड हलवून स्कूटरसुद्धा घालू नका, तो ठसा कायमचा राहतो. ओलं काँक्रीट कातडी भाजतं, मुलाने हात घातला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. क्युरिंगसाठी, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवून पक्कं व्हायला, वर छोटे बांध घालून पाणी साठवतात, त्यात डास होतात, अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर पुरतो, तर आठवड्यातून एकदा ते पाणी पूर्ण काढून नवीन भरा असं सांगा. क्युरिंग बंद करा असं मात्र सांगू नका, रस्ता तुमचाच आहे.

डांबरी असेल तर थर टाकायच्या आधी एक तपकिरी पातळ फवारा मारतात, तो थोड्या वेळात काळा होतो. तपकिरी असो की काळा, वर डांबर पडेपर्यंत त्यावर पाय देऊ नका, फरशीवर आलेला तो ठसा साबणाने जात नाही. आधी तेल लावून पुसायचं, मग साबण. त्या दिवशी बाहेरच्या चपला बाहेरच. वासाचा त्रास सासऱ्यांना होऊ शकतो, तो दिवस त्यांना हलवायच्या दिवसांमध्ये धरा.

राहिली गाडी. कव्हर घालू नका. कव्हरखाली धूळ जातेच, आणि वाऱ्याने कव्हर हललं की ती रंगावर पॉलिश पेपरसारखी घासते. उघडी ठेवा, कोरडं फडकं कधीच मारू नका, आधी पाण्याची धार मारून धूळ वाहून जाऊ द्या मग पुसा. सिमेंटचे शिंतोडे उडाले तर ओले असतानाच पाण्याने काढा, वाळले असतील तर नखाने खरवडू नका, पाणी घातलेल्या व्हिनेगरचं फडकं थोडा वेळ ठेवून मऊ करा आणि नंतर स्वच्छ पाण्याने धुवून टाका. आणि एसीच्या बाहेरच्या युनिटची जाळी काम संपल्यावर एकदा सर्व्हिसिंगवाल्याकडून धुवून घ्या, ती सगळे विसरतात.